सक्तीआधीची कामं

दवाखान्यात काम करणाऱ्यांना दरवर्षीची फ्लूची लस सक्तीची असावी का, या प्रश्नाचं उत्तर मी माझ्या नोकरीत दोनदा चुकवलं. आधी मी स्वतः लस घेतली नाही आणि त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही. पुढे मेट्रनच्या खुर्चीत बसल्यावर तीच लस मी इतरांवर लादली, आणि तेव्हाही मला तसं वाटलं नाही. दोन्ही वेळा माझं मत पक्कं होतं, आणि दोन्ही वेळा त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. आता मी निवृत्त आहे, दुर्गच्या पद्मनाभपुरात घरीच असते. नर्सिंगच्या मुली अधूनमधून येतात, कामातलं काहीबाही विचारतात. त्यांना जे तुटक सांगते ते इथे नीट सांगते आहे, कारण येत्या एखाद्या पावसाळ्यात असा आदेश काढायची किंवा पाळायची वेळ त्यांच्यातल्याच कुणावर येईल.

माझे वडील भिलाई पोलाद कारखान्यात नोकरीला आले तेव्हा तिथली पहिली झोतभट्टी नुकतीच सुरू झाली होती, १९५९ साली. घरात मराठी, अंगणापलीकडे हिंदी आणि छत्तीसगढी, अशात आम्ही वाढलो. नर्सिंगचा जीएनएम कोर्स मी नागपुरात केला आणि परत येऊन दुर्गच्या खासगी दवाखान्यांत नोकरी केली. ज्या दवाखान्याबद्दल लिहिते आहे तो मध्यम आकाराचा होता. धमधा, पाटण, गुंडरदेही या बाजूचे शेतकरी आणि कारखान्यातून निवृत्त झालेली माणसं हे आमचे रुग्ण. नर्सेसमध्ये केरळच्या, छत्तीसगढच्या, ओडिशाच्या मुली; आया आणि वॉर्डबॉय आसपासच्या बस्त्यांतले. दवाखान्याचं नाव सांगण्याची गरज नाही. जे चुकलं त्यातलं बरंचसं माझ्या हातून चुकलं.

२००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, शाळेत जाणाऱ्या एका चौदा वर्षांच्या मुलीचा. पुण्याच्या नातेवाइकांचे रोज फोन यायचे. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा टीव्हीवर दिसायच्या. पुण्यातल्या त्या पहिल्या मृत्यूंमध्ये एक तरुण आयुर्वेदिक डॉक्टरही होता. आपल्या व्यवसायातला माणूस गेला, हे वाचून आम्ही हळहळलो. पण ‘आपणही त्याच रांगेत उभे आहोत’ असं काही मनात आलं नाही.

पुढच्या वर्षी केंद्र सरकारने खास आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी पंधरा लाख डोस परदेशातून आणले. त्याच वर्षी अहमदाबादच्या झायडसची लस बाजारात आली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारायची लसही आली. म्हणजे लस नव्हती असं म्हणायची सोय नाही. पण सरकारी दवाखान्यांतल्या माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणींनी ती टोचून घेतली नाही. मलाही एका डॉक्टरांनी विचारलं होतं. मी म्हणाले, “आम्ही रोज जंतूंतच राहतो, आम्हाला काही होत नाही.” वॉर्डात हे वाक्य मी अभिमानाने सांगायची, आणि माझ्या हाताखालच्या मुली ते ऐकायच्या.

या वाक्यात काय चुकीचं आहे ते मला नंतर कळलं. फ्लूचा विषाणू दरवर्षी थोडाथोडा बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीची प्रतिकारशक्ती यंदा पुरेलच असं नाही. शिवाय अंगात ताप दिसायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस तो पसरवू शकतो, आणि काहींना तर ताप येतही नाही. ‘मला काही होत नाही’ हे खरं असलं तरी ‘माझ्यामुळे कुणाला काही होत नाही’ हे त्यातून निघत नाही. नर्सने नेमका हाच फरक ओळखायला हवा. मी ज्येष्ठ होते आणि मला तो कळला नव्हता. दुसरी समजूत अशी की लस घेतली की फ्लूच येतो. टोचायच्या लशीत विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखतो, अंग जरा कसकसतं, एक-दोन दिवसांत ओसरतं. हेही मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, कारण तशी अफवा माझ्या सोयीची होती.

२०१५ साली देशभरात स्वाइन फ्लूचे सुमारे ४२ हजार रुग्ण नोंदले गेले आणि जवळपास ३ हजार माणसं दगावली. त्याच सुमारास केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या. फ्लूच्या रुग्णांच्या जवळ काम करणाऱ्यांनी लस घ्यावी, असं त्यांत स्पष्ट होतं. महाराष्ट्राने गर्भवती, मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण, आणि आरोग्य कर्मचारी यांना ती फुकट द्यायला घेतली. ऐच्छिक, पण फुकट. आमच्याकडे सूचनांचा कागद आला, फाइलला लागला. मी तो वाचला होता.

माझ्या वागण्याचा हिशेब मला २०१७ च्या भाद्रपदात मांडावा लागला. छत्तीसगढमध्ये तीजाला लग्न झालेल्या मुली माहेरी जातात. आपल्या हरतालिकेचा तो दिवस, पण इथे त्याचं महत्त्व दिवाळीएवढं. भाऊ न्यायला येतो, साडी मिळते, आणि त्या दिवसांत दवाखान्यातला निम्मा स्टाफ रजेवर असतो. नेमका तोच फ्लूचा हंगाम. मला सकाळपासून कणकण होती, घसा दुखत होता. रजा मागितली असती तर नाइट करून थकलेल्या मुलीला पुन्हा थांबवावं लागलं असतं, आणि आमच्याकडे आजारपणाची रजा पगारी नव्हती; मी घेतली असती तर आयांनीही मागितली असती, हा व्यवस्थापनाचा जुना धाक. मी पॅरासिटामॉल घेतली, मास्क न लावताच हँडओव्हर घेतला आणि राउंडला गेले.

स्त्रियांच्या वॉर्डात पाटणकडची एक म्हातारी होती. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन नीट झालं होतं, वॉकर घेऊन ती खोलीच्या दारापर्यंत येत होती. तिला जेवण भरवायला कुणी नसलं की मी बसायची. तिच्या तोंडाजवळ वाकून, एका हाताने मानेला आधार देऊन पेज भरवायची, कारण ऐकू कमी येत असल्याने जवळ जाऊन बोलावं लागे. त्या दिवशीही भरवली. घरी जायच्या तयारीत असताना तिला ताप भरला, ऑक्सिजन घसरू लागला, एक्सरेत दोन्ही फुप्फुसं पांढुरकी दिसली. स्वॅब एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लूसाठी, पॉझिटिव्ह आला. तिला मोठ्या दवाखान्यात हलवलं, व्हेंटिलेटर लागला. ती वाचली. पण पुन्हा वॉकर घेऊन उभी राहिली नाही. त्याच वॉर्डातल्या एका स्टाफ नर्सला आणि एका आयालाही त्याच आठवड्यात फ्लू झाला.

तिला तो माझ्याकडूनच लागला, हे मी सिद्ध करू शकत नाही. नातेवाईक येत-जात होते, शेजारच्या खाटेवर खोकणारी बाई होती. पण मी तिला लागण होऊ नये म्हणून जे करायला हवं होतं त्यातलं काहीच केलं नव्हतं: लस नाही, मास्क नाही, रजा नाही. तिचा मुलगा हिशेब चुकता करायला आला तेव्हा माझ्या पाया पडला आणि म्हणाला, “मैडम, आपने बहुत सेवा की.” मी त्याला खरं सांगितलं नाही. आम्ही दवाखान्यातले लोक ज्याला सेवा म्हणतो, त्यात ताप अंगावर काढून ड्यूटीवर येणं मोठ्या मानाने धरलं जातं. त्याचा मला तेव्हापासून राग येतो, आणि तो आधी स्वतःवर येतो.

काही महिन्यांत मी मेट्रन झाले. अपराधी वाटत असलेल्या माणसाच्या हाती अधिकार आला की तो घाईने वापरला जातो. माझं तेच झालं. वाचायला लागले तेव्हा सिएटल शहरातल्या व्हर्जिनिया मेसन या दवाखान्याची माहिती मिळाली. २००४-०५ मध्ये त्यांनी फ्लूची लस नोकरीची अट केली आणि निम्म्याच्या आसपास असलेलं लसीकरण ९७ टक्क्यांच्या वर नेलं. सेंट लुइसच्या बीजेसी या मोठ्या संस्थेने २००८ मध्ये तीच अट घातली; सुमारे २६ हजार कर्मचाऱ्यांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक लोकांनी लस घेतली, आठ जणांची नोकरी गेली. हे आकडे मी व्यवस्थापनासमोर ठेवले आणि आदेश काढून घेतला: लस घ्या, नाहीतर पगार रोखला जाईल.

मी त्या गोष्टीचा फक्त शेवट वाचला होता. तिथे लस फुकट होती आणि ड्यूटीच्या वेळातच मिळत होती, हे माझ्या कागदावर नव्हतं. व्हर्जिनिया मेसनच्या नर्सेसची संघटना लवादापर्यंत आणि कोर्टात गेली, आणि ‘कामाच्या अटी एकतर्फी बदलता येणार नाहीत’ हे तिचं म्हणणं २००७ मध्ये वरच्या न्यायालयातही टिकलं, हेही नव्हतं. तिथल्या संघटित नर्सेसना लशीऐवजी मास्कचा पर्याय मिळाला. मला ९७ चा आकडा हवा होता; तिथवर पोचायला काय काय करावं लागलं ते नको होतं.

आमच्या आदेशात काय चुकलं ते ओळीने सांगते.

पहिली चूक वेळेची. परदेशी लेखांत ऑक्टोबर लिहिलं होतं म्हणून मी दिवाळीनंतर लस मागवली. जागतिक आरोग्य संघटना लशीत कोणते प्रकार घ्यायचे ते वर्षातून दोनदा सुचवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. नकाशावर आपण उत्तर गोलार्धात आहोत, पण आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो. थंडी सरताना दुसरी, बहुधा लहान लाट येते. लशीचा परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात आणि काही महिन्यांनी तो उतरू लागतो. इथल्या दवाखान्याने एप्रिल-मेमध्ये लस टोचायला हवी. मी नोव्हेंबरमध्ये टोचली आणि पुढच्या पावसाळ्यासाठी निश्चिंत झाले. ज्या गोष्टीची मी सक्ती केली ती मी स्वतः धड समजून घेतली नव्हती.

दुसरी चूक पैशांची. डोस दीड हजाराच्या पुढे पडत होता. व्यवस्थापनाने तो पगारातून कापायचं ठरवलं आणि मी सही केली. नर्सेस कुरकुरल्या. एक आया माझ्या टेबलाशी आली, पदर डोक्यावर ओढून घेत म्हणाली, “मैडम, सुजी लगा दव, फेर पइसा झन काटव.” सुई टोचा, पण पैसे कापू नका, एवढंच तिचं म्हणणं होतं. ती लशीच्या विरोधात नव्हती. तिच्या महिन्याच्या पगारात दीड हजार म्हणजे घरातलं राशन. मी तिला हप्ते पाडून दिले आणि वाटलं की आपण समजूतदारपणा दाखवला. रुग्णाला वाचवण्यासाठी जी लस हवी आहे, तिची किंमत दवाखान्यातल्या सगळ्यांत कमी पगाराच्या बाईने का द्यायची, हा साधा प्रश्न मला पडला नाही.

तिसरी चूक, मी कोणाला सोडलं. बाहेरून येणारे कन्सल्टंट डॉक्टर ‘कर्मचारी’ नव्हते, म्हणून त्यांना आदेश लागू नव्हता. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर, एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जाणारी माणसं तीच. त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही. आणि सफाईचं काम ठेकेदाराकडे होतं. ठेकेदार म्हणाला, माझी माणसं आज आहेत, उद्या नाहीत, मी पैसे देणार नाही. तेही सुटले. थोडक्यात, माझ्यापेक्षा वरच्यांना मी घाबरले, सगळ्यांत खालच्यांना मी मोजलं नाही, आणि मधल्यांवर सक्ती केली. वॉर्डात फिरणाऱ्या विषाणूला या पायऱ्या कळत नाहीत.

चौथी चूक सगळ्यांत जास्त सलते. आमची राजनांदगावकडची एक स्टाफ नर्स नुकतीच गरोदर होती. तिने लस घ्यायला नकार दिला, कारण तिला बाळाची भीती वाटत होती. गरोदरपणात फ्लू जास्त बिघडतो आणि म्हणूनच गर्भवतींना ही लस आवर्जून सुचवली जाते. तिच्यासाठी तर ती आधी होती. हे मी तिला बसवून सांगितलं असतं तर पाच मिनिटं लागली असती. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “नर्स असून असं बोलतेस? मग घरी बस.” ती महिन्याच्या आत सोडून गेली. पुढे काही वर्षांनी मी तिला फोन करून माफी मागितली. तिने कसलाही आरोप केला नाही. म्हणाली, “उस दिन बैठकर समझा देतीं, तो मैं लगवा लेती.” लशीला घाबरणाऱ्या माणसाला मी लशीचा शत्रू ठरवलं होतं. तिच्या भीतीचं उत्तर माझ्याजवळ होतं, आणि ते न देता मी तिला दरवाजा दाखवला.

आणि तरीही रजिस्टर भरलं. सगळ्या नावांपुढे सह्या, आयांचे अंगठे, तारखा. व्यवस्थापन खूश होतं. मीच एका संध्याकाळी फ्रिज लावायला घेतला. लशीच्या सिरिंजा आधीच भरून आलेल्या असतात, एकेक पांढऱ्या खोक्यात. दोन ते आठ अंश तापमानात ठेवायच्या, बर्फाला चिकटू द्यायच्या नाहीत. खोक्यांच्या मागे तीन-चार भरलेल्या सिरिंजा तशाच होत्या. रजिस्टरप्रमाणे त्या टोचून झालेल्या होत्या. कुणीतरी मैत्रिणीला सांभाळून घेतलं होतं: सही कर, टोचू नको. मला नावंही साधारण ओळखू आली. मी सिरिंजा कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकल्या आणि रजिस्टर बंद केलं. चौकशी केली असती तर माझा शंभर टक्क्यांचा आकडा गेला असता. सक्तीतून मी जे मिळवलं त्यात खोट्या सह्यांचाही वाटा होता, आणि त्या लपवण्यात शेवटी मीही सामील झाले. ज्या कागदावर विश्वास ठेवून डॉक्टर वॉर्डात दम्याचा म्हातारा ठेवतात, तो कागद मी खोटा राहू दिला.

मग कोविड आला. एप्रिल २०२१ मध्ये दुर्ग जिल्ह्यात ६ तारखेपासून लॉकडाऊन लागला, तेव्हाच्या दिवसांबद्दल इथे लिहीत नाही. त्याला वेगळी जागा लागेल. पण त्याआधी, १६ जानेवारीला देशभर आरोग्य कर्मचाऱ्यांची लस सुरू झाली, तेव्हा मी टीव्हीसमोर बसून एक गोष्ट शिकले. दिल्लीच्या एम्समध्ये पहिली लस एका सफाई कर्मचाऱ्याला दिली गेली, आणि त्याच दिवशी संस्थेच्या संचालकांनीही ती सगळ्यांसमोर टोचून घेतली. ज्यांना मी आदेशाबाहेर ठेवलं होतं, ती दोन्ही टोकं तिथे पहिल्या दिवशी पुढे होती. लस सक्तीची नव्हती, फुकट होती. आमच्या दवाखान्यात भीती कमी नव्हती, अफवा तर फ्लूच्या लशीपेक्षा दसपट होत्या. तरी रांग लागली.

त्या वर्षी मी फ्लूच्या लशीचा आदेश मागे घ्यायला लावला आणि शेवटच्या वर्षांत उलट्या बाजूने कामाला लागले. डोसचा खर्च दवाखान्याने उचलावा म्हणून मालकांशी भांडले. एका आयसीयूतल्या संसर्गाने जेवढं नुकसान होतं त्यापुढे हा खर्च किरकोळ आहे हे मी त्यांना त्यांच्याच बिलांवरून दाखवलं. लस मेमध्ये आणली. सकाळ, दुपार, रात्र, तिन्ही पाळ्यांच्या हँडओव्हरला आइस पॅकच्या पेटीत ती वॉर्डात नेली, म्हणजे कुणाला रजेच्या दिवशी यावं लागू नये. आधी मी घेतली, मग फिजिशियन, मग भूलतज्ज्ञ, स्टाफच्या डोळ्यांदेखत. ठेकेदाराच्या सफाईवाल्या बायकांना मोजून त्यांचे डोस वेगळे काढले. हिंदीत एक पान छापलं, त्यात लशीने काय होतं आणि काय होत नाही ते लिहिलं. आणि ताप असताना ड्यूटीवर यायचं नाही, ती रजा पगारी राहील, हा नियम व्यवस्थापनाकडून लेखी घेतला. लस घेतली नाही तर हंगामात मास्क लावायचा आणि आयसीयू-डायलिसिसला ड्यूटी नाही, एवढंच बंधन ठेवलं. कुणाचा पगार कापला नाही. बहुतेकांनी लस घेतली. काहींनी घेतली नाही, आणि त्यांची नावं रजिस्टरमध्ये खरीखुरी कोरी राहिली. त्या कोऱ्या जागांमुळे ते रजिस्टर मला पहिल्यांदा कामाचं वाटलं.

आता मुली मला विचारतात, मग सक्ती असावी की नको? मी दोन्ही बाजूंची वजनं सांगते.

सक्तीच्या विरोधातलं म्हणणं पोकळ नाही. हेपॅटायटिस बीची लस आम्ही सगळे मुकाट घेतो, कारण सुई टोचली गेली तर ती आपल्यालाच वाचवते आणि तिचं संरक्षण वर्षानुवर्षं टिकतं. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. लस आणि त्या वर्षीचा विषाणू जुळला तर दवाखाना गाठावा लागेल असा फ्लू ४० ते ६० टक्क्यांनी टळतो. न जुळल्यास याहून बराच कमी. अमेरिकेत २०१४-१५ च्या हंगामात तो फायदा २० टक्क्यांच्याही खाली गेला होता. कर्मचाऱ्यांनी लस घेतल्याने रुग्ण किती वाचतात, यावरही एकमत नाही. ग्लासगोच्या वृद्धांच्या रुग्णालयांत केलेला, २००० साली छापून आलेला एक अभ्यास नेहमी सांगितला जातो. जिथे स्टाफला लस दिली गेली तिथे १३.६ टक्के वृद्ध दगावले, जिथे दिली नाही तिथे २२.४ टक्के. पण तपासणीत सिद्ध झालेला फ्लू दोन्हीकडे जवळपास सारखाच निघाला, ५.४ आणि ६.७ टक्के. एवढे मृत्यू लशीनेच कमी केले का, ही शंका रास्त आहे. कॅनडात ऑन्टॅरिओच्या काही दवाखान्यांनी ‘लस घ्या नाहीतर मास्क लावा’ असा नियम केला होता. तिथल्या लवादाने तो २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये पुराव्याअभावी फेटाळला. मी ठेवलेला मास्कचा नियमही या टीकेत बसतो, हे मी मुलींपासून लपवत नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने डॉ. जेकब पुलियेल यांच्या कोविड लशीबाबतच्या याचिकेवर २ मे २०२२ रोजी सांगितलं की कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणात असलेली बंधनं घालता येतात.

दुसऱ्या बाजूला रुग्ण आहे. तो आपली नर्स निवडत नाही. खाटेवर पडलेला माणूस ‘तुम्ही लस घेतली का’ असं विचारत नाही, आणि विचारलं तरी उठून जाऊ शकत नाही. केमोथेरपी चालू असलेल्या, डायलिसिसवरच्या, नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला पन्नास टक्के संरक्षणही पुष्कळ असतं. हा व्यवसाय पत्करताना आपण काही स्वातंत्र्य आपणहून सोडतो: नखं वाढवत नाही, बांगड्या काढून ठेवतो, रात्र जागतो. दरवर्षीची एक सुई त्या यादीत बसते, असं माझं मत आहे.

म्हणून माझं उत्तर असं: आयसीयू, डायलिसिस, कर्करोग आणि नवजात बाळांच्या वॉर्डात ही लस कामाची अट असायला माझी हरकत नाही. पण ती अट घालायचा अधिकार संस्थेला आपोआप मिळत नाही, तो कमवावा लागतो. लस फुकट आहे का? आपल्या हंगामाआधी आली आहे का? कन्सल्टंटपासून सफाईवालीपर्यंत सगळ्यांना आहे का? ज्याला भीती वाटते त्याच्याशी कुणी बसून बोललं आहे का? वैद्यकीय कारण असलेल्याला मोकळीक आहे का? आणि ताप आलेल्या आयाला पगार न कापता घरी जाता येतं का? यातला शेवटचा प्रश्न मी सगळ्यांत वरचा मानते, कारण लस चुकली तरी पगारी रजा विषाणूला बऱ्याचदा दारातच अडवते, आणि रजा नसेल तर लस घेतलेली माणसंही खोकत ड्यूटीवर येतात. या सगळ्यांचं उत्तर ‘हो’ असेल तिथे सक्तीची गरज फार थोड्यांपुरती उरते, आणि त्या थोड्यांसाठी ती न्याय्य ठरते. उत्तर ‘नाही’ असेल तिथे सक्तीचा आदेश म्हणजे आपलं न केलेलं काम दुसऱ्याच्या पगारातून वसूल करणं.

मी ते वसूल केलं. ज्या आयाचे पैसे कापले, तिला ते परत मिळावेत म्हणून निवृत्तीआधी अर्ज केला. व्यवस्थापनाने जुन्या हिशेबात हात घालायला नकार दिला, तेव्हा ते मी माझ्याकडून दिले. त्याने माझी चूक फिटत नाही, पण ते पैसे तिचे होते. मुलींना मी एवढंच सांगते: मेच्या पहिल्या आठवड्यात स्वतः लस घ्या, वॉर्डात सगळ्यांसमोर घ्या, अंगात ताप असेल त्या दिवशी घरी राहा आणि दुसरीलाही घरी पाठवा, आणि कधी आदेशावर सही करायची वेळ आली तर आधी वरचे प्रश्न मालकांना विचारा. उत्तरं लेखी मिळेपर्यंत सही करू नका.